मांडीवरची जुनी गिटार

मागील अंकात पावसाळ्यातील वाद्यांच्या निगेविषयी लिहिताना माझ्या जुन्या हवाईयन गिटारीचा उल्लेख ओघात येऊन गेला होता. मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायचे हे वाद्य आपल्या भागातून जवळजवळ नाहीसे झाले, अशी माझी समजूत होती. त्या एका वाक्याने खानापूर, निपाणी, चिकोडी आणि शहापूर येथून चार पत्रे आणली आणि माझी समजूत चुकीची ठरली, याचा मला मनापासून आनंद झाला. या वेळचे सदर त्या चार पत्रांनाच दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यात विचारलेले निर्णय एकदा घेतले की मागे घेता येत नाहीत.

प्रश्न : माझे वडील गेल्या वर्षी वारले. त्यांची हवाईयन गिटार आमच्या घरी आहे. तरुणपणी बेळगावात कॅम्प भागात नोकरीला असताना त्यांनी ती एका ख्रिस्ती कुटुंबाकडून घेतली आणि पुढे कितीतरी वर्षे लग्नसमारंभांत, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत वाजवली. शेवटची वीस वर्षे मात्र ती भिंतीवर टांगलेलीच होती. आता तिचा ब्रिज, म्हणजे तबकडीवर तारा बांधायची पट्टी, मागच्या बाजूने उचललेला दिसतो, वरच्या फळीला लांब चीर आहे आणि दांडी पुढे वाकली आहे. एका दुकानदाराने सांगितले की, नेक (दांडी) गेला आहे, तेव्हा गिटार टाकून द्या, नाहीतर नेक बदलून, तारा खाली बसवून मुलासाठी साधी गिटार करून घ्या. वर नव्यासारखे पॉलिशही करून देतो. माझा सोळा वर्षांचा मुलगा गिटार शिकत आहे. शिवाय ओळखीचे एक गृहस्थ दिवाणखान्यात लावण्यासाठी ती विकत मागत आहेत. बाबांच्या मनगटाने झिजलेला भाग पाहिला की माझ्याने काहीच ठरवता येत नाही. मी काय करावे? (एक वाचक भगिनी, खानापूर)

उत्तर : ताई, सर्वांत आधी तारा सैल करा. हे उत्तर वाचून संपण्यापूर्वी केलेत तरी चालेल. तारा काढून टाकू नका. चाव्या उलट फिरवून फक्त त्यांचा ताण जाऊ द्या. पोलादी तारांची हलकी जोडी सुरात लावलेली असते तेव्हा सहाही तारांचा मिळून ताण सुमारे 70 ते 75 किलो भरतो. भिंतीवरच्या गिटारीच्या तारा काळाने उतरल्या असतील, पण त्या ताणाचा मोठा हिस्सा वीस वर्षे त्या ब्रिजला ओढत राहिला असणार. ब्रिज मागून उचलला गेला यात नवल नाही. तो अजून जागेवर आहे, यावरून ज्याने ती गिटार जोडली त्याच्या हाताची कल्पना येते.

आता दुकानदाराच्या मताविषयी. त्यांनी आपल्याला फसवले असे मला वाटत नाही. त्यांनी गिटार उभी धरून पाहिली, एवढेच. उभ्या, म्हणजे स्पॅनिश पद्धतीच्या गिटारीवर बोटाने तार दाबून पडद्याला, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला, टेकवावी लागते, त्यामुळे तारा दांडीच्या अगदी जवळ असाव्या लागतात. दांडी थोडी जरी वाकली तरी तारा उंच जातात, बोटे दुखतात, सूर चढतो, आणि असे वाद्य खरोखरच निरुपयोगी होते. आपल्या वडिलांची गिटार त्या रीतीने वाजतच नाही. तिच्या तारा मुद्दामच पडद्यांपासून उंच ठेवलेल्या असतात, त्या पडद्यांना कधीही टेकत नाहीत, सूर कांडीच्या स्पर्शाने उमटतो आणि पडदे हे केवळ डोळ्यांना वाट दाखवणाऱ्या रेघा असतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये हर्मन वायझेनबॉर्न यांनी कोआ नावाच्या हवाई लाकडापासून ज्या प्रसिद्ध मांडीवरच्या गिटारी बनवल्या, त्यांना तर उंच पडदे नव्हतेच, पृष्ठभागाशी सपाट बसवलेल्या पट्ट्याच होत्या. म्हणून पडदे झिजले असतील, दांडी दोन-चार मिलिमीटर वाकली असेल, तरी या वाद्याच्या कामात त्याने काहीही अडत नाही. जो दोष दाखवून गिटार टाकून द्यायला सांगण्यात आले, तो तिच्यापुरता दोषच नाही. दांडी जेथे खोक्याला मिळते तो सांधा मात्र तपासा. तेथे कागदाची कड आत जात असेल तर सांधा सुटू लागला आहे आणि तो जोडून घ्यावा लागेल.

खरे लक्ष द्यायचे ते वरच्या पातळ फळीकडे, जिला आपले सतारवाले तबली म्हणतात. आवाज तेथे जन्मतो. दिवसाउजेडी ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकवून पाहा. ते किती आत जाते त्यावरून सरस किती सुटला आहे ते कळेल. मग मधल्या गोल भोकातून लहान आरसा आणि बॅटरी आत धरून तबलीच्या पोटाला चिकटवलेल्या आधारपट्ट्या पाहा आणि बोटाच्या पेराने तबलीवर ठिकठिकाणी हलकेच ठोका. जेथे ठोक्याबरोबर झणझण ऐकू येईल तेथील पट्टी सुटलेली आहे. आत कारागिराचे लेबल असेल तर तेही वाचायला मिळेल. ते ओल्या फडक्याने पुसू नये. दांडीची मागची बाजू चौकोनी असेल तर ती गिटार जन्मापासून मांडीवरच वाजवण्यासाठी घडवलेली आहे. ती गोल असेल आणि नटावर, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीवर, उंची वाढवणारा धातूचा सुटा तुकडा बसवलेला असेल, तर ती मुळात साधी गिटार होती आणि कोणीतरी तिला हवाईयन केले. गोल दांडीच्या गिटारीला पुन्हा उभी करण्यात तात्त्विक गैर काही नाही, परंतु वाकलेल्या दांडीमुळे आपल्या बाबतीत त्यासाठी तिचा निम्मा देह बदलावा लागेल, आणि मग तिच्यात वडिलांचे काय उरेल, हा प्रश्न आपणच पत्रात न लिहिता विचारलेला आहे.

दुरुस्ती कोणत्या सरसाने होते याला फार महत्त्व आहे. जुनी वाद्ये प्राणिज सरसाने जोडलेली असतात. उष्णता आणि ओल दिली की तो सरस सुटतो, त्यामुळे सांधा न फोडता उघडता येतो आणि पुन्हा त्याच सरसाने जोडता येतो. बाजारातल्या पांढऱ्या डिंकाने जोड पक्का बसतो खरा, पण तो लाकडाच्या रंध्रांत शिरून बसला की पुढच्या कारागिराला तेथे दुसरा सरस धरत नाही. कारागिराला आधी हेच विचारा. चिरेसाठी घाई करू नका. लाकूड रेषेच्या दिशेने फारसे हलत नाही, आडव्या अंगाने मात्र ओलीने फुगते आणि कोरड्या हवेत आखडते. म्हणूनच चिरा रेषेबरोबर पडतात. खानापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये आपली चीर मिटल्यासारखी दिसेल. त्या फुगलेल्या अवस्थेत ती जोडून घेतली तर मार्चच्या कोरड्या वाऱ्यात लाकूड शेजारीच फाटेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराची हवा या कामाला चांगली. आतून लाकडाच्या दोन-तीन लहान ठिकऱ्या आडव्या रेषेने चिकटवल्या की चीर पुढे सरकत नाही. तोवर गिटार भिंतीवर ठेवू नये. आपल्याकडील जांभ्याच्या भिंती पावसाळाभर ओल धरतात आणि ती ओल पाठीच्या फळीतून आत जाते. गिटार तिच्या पेटीत ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि उन्हाळ्यात त्या काढून घ्या.

पॉलिशविषयी मी अनुभवाने लिहितो. माझी गिटारही कॅम्पातलीच आहे. कायमचे गोव्याला परत निघालेल्या एका वृद्ध संगीतशिक्षकांकडून मी ती नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घेतली, तेव्हा दोन महिन्यांचा पगार गेला होता. तबलीवर, उजव्या हाताचे मनगट जेथे टेकते तेथे, रुपयाच्या नाण्याएवढा रंग उडालेला होता आणि लाकूड मऊ, मधासारखे झाले होते. मी वाजवायला बसलो की माझे मनगट आपोआप तेथेच जाई. गुरुजींकडे मी कधी शिकलो नाही, पण हात कोठे ठेवायचा हे मला त्या खुणेने शिकवले. काही वर्षांनी ब्रिज सुटला म्हणून मी ती एका कारखान्यात दिली. परत आली तेव्हा आरशासारखी चकाकत होती. घरच्यांनी कौतुक केले. मी तार छेडली आणि आवाज चादरीखालून बोलल्यासारखा आला. सगळ्या अंगावर फवाऱ्याने जाड थर चढवलेला होता, आणि ती खूण त्याखाली गेली होती. पुढची दोन वर्षे मी तिला फारसा हात लावला नाही. आजारी माणसाला भेटायला जायचे टाळावे तसे मी तिला टाळत होतो.

शेवटी एका तानपुरेवाल्या मित्राच्या सांगण्यावरून मी गिटार घेऊन रेल्वेने मिरजेला गेलो. तेथील सतारमेकरांची परंपरा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू होते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांना आठवत असेल. ज्या कारागिराकडे मी गेलो त्यांनी तोवर एकही गिटार दुरुस्त केलेली नव्हती. त्यांनी तबलीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकले, कान लावला आणि म्हणाले, “साहेब, लाकूड गुदमरलंय.” आठ दिवस त्यांनी पात्याने तो थर हाताने खरवडून काढला, ब्रिज सरसाने पुन्हा बसवला आणि लाखेचे अगदी पातळ हात दिले. आवाज परत आला. पूर्वीइतका नव्हे, पण ओळखता येईल इतका. मनगटाची खूण मात्र खरवडण्यात उरलीसुरली गेली. आता तेथे माझी नवी खूण पडू लागली आहे, तरीही त्या वृद्ध शिक्षकांच्या हाताची जागा मी हरवली, हे मला आजही बोचते.

म्हणून, ताई, पॉलिश करू नका. सुती कोरड्या फडक्याने पुसा, एवढे पुरे. वडिलांच्या मनगटाने झिजलेला भाग आहे तसाच राहू द्या. शोभेसाठी मागणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. वाद्य भिंतीवर टांगून काय होते ते आपण वीस वर्षे पाहिलेले आहे. मुलाला उभी गिटार शिकू द्या, त्यासाठी साधी नवी गिटार फार महाग नाही. आजोबांची गिटार दुरुस्त झाल्यावर एखाद्या संध्याकाळी त्याच्या मांडीवर आडवी ठेवा आणि कांडी हातात द्या. शिकवणी लावण्याची घाई नको. आजोबांच्या खुणेवर त्याचे मनगट आपोआप जाते का, ते मात्र पाहा आणि मला कळवा.

प्रश्न : हवाईयन गिटारीवर चित्रपटगीते छान वाजतात, पण हे परदेशी वाद्य असल्यामुळे त्यावर खरा राग वाजू शकत नाही, असे आमचे पेटीवादक गुरुजी म्हणतात. हे बरोबर आहे काय? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आपल्या गुरुजींचा मान राखून मी असहमती नोंदवतो, आणि पेटीवादकाने हे म्हणावे याचे मला थोडे आश्चर्यही वाटते, कारण पेटीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता सरकत जाणे, मुळीच नाही.

या पद्धतीचे जनकत्व हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू (1874 ते 1932) यांना दिले जाते. शाळकरी वयात त्यांनी गिटारीच्या तारांवरून धातूचा तुकडा सरकवण्याचा शोध लावला. 1915 साली सान फ्रान्सिस्को येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताचे वेड अमेरिकेत पसरले आणि तेथून ते जगभर गेले. आपल्याकडे त्याचे मोठे केंद्र कलकत्ता झाले. ताऊ मो हे हवाईयन गिटारवादक 1940 च्या दशकात कुटुंबासह तेथे राहत होते. बंगालमध्ये सुनील गांगुली यांच्यासारखे वादक या वाद्यावर घडले, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात वॅन शिप्ले, हजारासिंग यांनी ते घरोघरी पोचवले. मात्र चित्रपटांतून आपण ऐकतो ती बहुतेक विजेवर चालणारी गिटार आहे. तिचा सूर लांब आणि गुळगुळीत असतो. लाकडी गिटारीचा सूर लवकर विझतो, कांडीची किंचित घासणही त्यात ऐकू येते, आणि माझ्या मते त्यामुळेच तो माणसाच्या गळ्याच्या अधिक जवळ जातो.

रागाचे म्हणाल तर जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काब्रा (1937 ते 2018) यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकून या गिटारीवर रागसंगीत मांडले आणि आयुष्यभर तेच वाजवले. त्यांची गिटार गिब्सन कंपनीची होती. तिचा नट उंच करून आणि एक चिकारीची, म्हणजे अधूनमधून झणकारण्याची, तार वाढवून त्यांनी ती आपल्या संगीतासाठी बदलून घेतली होती. 1967 साली शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि काब्रा यांची गिटार अशी जी ध्वनिमुद्रिका निघाली, ती ऐकूनच माझ्या पिढीतील अनेकांना हे वाद्य प्रथम गंभीरपणे घ्यावेसे वाटले. पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तरफांच्या, म्हणजे न छेडता आपोआप निनादणाऱ्या, तारा बसवून मोहनवीणा घडवली आणि राय कूडर यांच्यासह केलेल्या वादनासाठी त्यांना 1994 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. कलकत्त्याचे पंडित देबाशिष भट्टाचार्य यांनीही स्वतःच्या रचनेच्या गिटारी घडवल्या आहेत.

परदेशी असण्याचाच मुद्दा घ्यायचा तर तारेवर घन वस्तू सरकवून सूर काढण्याची रीत आपल्याला नवी नाही. उत्तरेकडील विचित्रवीणा काचेच्या बट्ट्याने वाजते आणि दक्षिणेकडील गोट्टुवाद्यम् म्हणजेच चित्रवीणा लाकडी किंवा तशाच तुकड्याने. बेळगावचा श्रोता या दोन्ही संगीतांच्या सीमेवर बसलेला आहे. बेळगावपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सुळेभावीत 1924 साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला, आणि धारवाड-हुबळीकडून मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल यांचे गाणे येथील कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत आले. अशा श्रोत्यापुढे वाद्य ठेवले की ते गाते का, एवढेच तो विचारतो.

आणि ही गिटार गाते. सतारीवर तार ओढून मींड काढताना एका पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंतच पोचता येते. येथे तारेची पूर्ण लांबी मोकळी असते. दरबारी रागाचा कोमल गंधार जेथे हवा, जेवढा खाली हवा, जेवढ्या संथ आंदोलनाने हवा, तेथे तो ठेवता येतो. याची किंमतही आहे. पडदा सूर सांभाळत नाही, कांडी केसभर पुढेमागे झाली की सूर गेलाच, आणि द्रुत ताना स्वच्छ वाजवणे फार कठीण असते. कांडीमागून उजव्या-डाव्या तारांवर बोटे हलकेच टेकवून नको असलेली झणझण दाबण्याची सवय लागायलाच दोन वर्षे जातात. गुरुजींना एकदा एखाद्या चांगल्या वादकाचा संथ आलाप ऐकवा, आणि त्यांच्या मताचा आदर ठेवून ऐकवा.

प्रश्न : मी महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. मामांकडून मिळालेल्या जुन्या लाकडी गिटारीवर स्लाइड शिकायचे आहे. कोणत्या तारा, कोणती कांडी आणि कोणते ट्यूनिंग घ्यावे? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : तारा हलक्या घ्या, जुन्या तबलीला जाड तारांचा भार देऊ नका. नट उंच करणारा धातूचा तुकडा वाद्यांच्या मोठ्या दुकानांत मिळतो आणि त्यासाठी गिटारीत काहीही कापावे लागत नाही. कांडी भरीव, गुळगुळीत आणि वजनदार असावी, कारण हलकी कांडी तारांवर थरथरते. बोटांत घालायच्या पोकळ नळीने उभ्या गिटारीवर वाजवण्याची रीत निराळी आहे. त्या दोन्हींचे व्हिडिओ एकत्र पाहून गोंधळू नका. उजव्या अंगठ्यात प्लॅस्टिकची आणि दोन बोटांत धातूच्या नख्या घाला.

ट्यूनिंगसाठी पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा, षड्ज धरा आणि जाड तारेपासून बारीक तारेकडे प सा प सा ग प असे स्वर लावा. साध्या गिटारीच्या नेहमीच्या स्वरांवरून यासाठी तीन तारा उतरवाव्या लागतात, तीन आहेत तशाच राहतात, म्हणजे एकूण ताण कमी होतो. हेच स्वर पांढरी सहाच्या षड्जावर लावण्याची पद्धत हवाईयन वादकांत फार प्रचलित आहे. ऐकायला ती तेजस्वी वाटते, परंतु तिच्यात तीन तारा चढवाव्या लागतात आणि जुन्या ब्रिजला ते सोसत नाही. कांडी पडद्यांच्या मधल्या जागेवर नव्हे, बरोबर पडद्याच्या रेघेवर धरा, आणि दाबू नका. पहिले सहा महिने तानपुऱ्याबरोबर एकाच तारेवर सा ते सा करा. गाणी आपोआप येतील.

प्रश्न : मी 76 वर्षांचा आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ माझी हवाईयन गिटार माझ्यासोबत आहे. पत्नीच्या आजारपणातही मी रोज रात्री तिच्या उशाशी बसून ती वाजवत असे. आता डाव्या हाताची बोटे संधिवाताने वळत नाहीत. मुले म्हणतात की ती एखाद्या संस्थेला देऊन टाका, नाहीतर काचेच्या कपाटात ठेवा. मला दोन्ही करवत नाही. मी हट्टी झालो आहे काय? (एक वाचक, शहापूर)

उत्तर : काका, आपण हट्टी नाही. आपण आपल्या हातांपैकी एक हात देऊन टाकायला तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

मुलांचेही मी समजू शकतो. त्यांना आपल्या हाताचे दुखणे दिसते, आणि गिटार समोर असली की ते आपल्याला अधिक दुखते असे त्यांना वाटत असावे. परंतु त्यांना कदाचित एक गोष्ट ठाऊक नसेल, जी आपल्याला पन्नास वर्षे ठाऊक आहे. या वाद्यात तार दाबायची नसते. उभी गिटार, सतार, व्हायोलिन यांत डाव्या बोटांना जोर लागतो; येथे कांडीचे स्वतःचे वजन काम करते आणि हाताने तिला फक्त वाट दाखवायची असते. बोटे वळली नाहीत तरी तळहात आणि मनगट सरकू शकत असेल तर आलाप अजून आपल्या हातात आहे. आपली नेहमीची कांडी बोटांत धरवत नसेल तर बाजूंना खोबणी असलेली कांडी वापरून पाहा, तिच्यात बोटे न वळवता बसतात. तिच्यावर सायकलच्या हँडलची मऊ रबरी पकड कापून चढवता येते. तारांना टेकणारा भाग तेवढा मोकळा ठेवावा. सगळ्या तारा नेहमीपेक्षा एक स्वर उतरवा. गिटार मांडीऐवजी कमी उंचीच्या टेबलावर, खाली दुमडलेली घोंगडी घालून ठेवा, म्हणजे खांदा उचलावा लागणार नाही. सकाळी बोटे ताठलेली असतात, तेव्हा वाजवू नका. कोमट पाण्यात हात शेकून संध्याकाळी दहा मिनिटे वाजवा, आणि दुखू लागले की थांबा. आपल्या डॉक्टरांनाही कांडी दाखवून विचारून घ्या, कारण ही हालचाल त्यांनी पूर्वी पाहिलेली नसण्याची शक्यता आहे.

द्रुत आता होणार नाही. त्याचे दुःख मी लहान करून सांगणार नाही. माझ्याही करंगळीने दोन वर्षांपासून साथ सोडली आहे, आणि जी तान तरुणपणी झोपेत वाजत होती तिच्या अलीकडे येऊन थांबावे लागते, तेव्हा मी बराच वेळ कांडी खाली ठेवून बसतो. पण ज्या वाद्याचा सगळा जीव एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंतच्या प्रवासात आहे, त्यावर हळू वाजवणाऱ्याला कमीपणा नाही. पत्नीच्या उशाशी आपण रोज रात्री जे वाजवत होता ते द्रुत नक्कीच नसेल.

संस्थेला देण्याविषयी माझे मत असे आहे की ती वस्तू म्हणून देऊ नका. कोणी शिकणारा मिळाला, तर त्याला आपल्या घरी येऊन, आपल्या गिटारीवर, आपल्यासमोर वाजवू द्या. तिची कोणती तार पावसात उतरते, सातव्या पडद्याजवळ कोणता सूर थोडा आत घ्यावा लागतो, कोठे ठोकले की ती अधिक बोलते, हे कागदावर लिहून देता येत नाही आणि ते आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. पुढे ती त्याच्याकडे जाईल तेव्हा ती अनोळखी घरी जाणार नाही. काचेचे कपाट मात्र नकोच. कोरड्या उन्हाळ्यात बंद काचेमागे तबली तडकते.

चिकोडीचे विद्यार्थी आणि आपण यांची गाठ घालून द्यावी असे माझ्या मनात आहे. दोघांची संमती आली तर संपादक पत्ते परस्परांना कळवतील. ते आले तर त्यांना पहिल्या दिवशी काही वाजवायला सांगू नका. आपण रात्री जे वाजवत होता, ते आता जमेल तसे, एकदा त्यांना ऐकवा.